स्पॅनिश खंजिरांची ओळख आणि कालनिश्चिती

जुन्या शस्त्रांच्या अभ्यासात तलवारीला जे मानाचे स्थान मिळाले, ते खंजिराच्या वाट्यास आले नाही. तलवार घराण्यात जपली जाते, तिला नाव दिले जाते, कागदपत्रांतून तिचा उल्लेख होतो. खंजिराचे तसे नाही. तो झिजला की पुन्हा घासला जातो, मूठ मोडली की नवी बसविली जाते, आणि अखेर निरुपयोगी झाला म्हणजे मोडीत जातो. त्यामुळे जे खंजीर संग्रहालयांत येऊन पोहोचले, त्यांच्याबरोबर त्यांचा इतिहास क्वचितच आला. स्पेनमधील खंजिरांच्या बाबतीत या अडचणीत आणखी एकीची भर पडते. तोलेदो या नगराच्या पोलादाची कीर्ती एवढी होती की, तिचा लाभ घेण्यासाठी परदेशी कारागिरांनीही आपल्या पात्यांवर ते नाव कोरले. पुढे १९व्या शतकात जुन्या वस्तूंचा संग्रह करण्याची हौस युरोपात वाढली, तेव्हा खुद्द स्पेनमध्येच जुन्या धर्तीचे खंजीर नव्याने घडू लागले. पात्यावर 'तोलेदो' ही अक्षरे दिसताच 'स्पॅनिश, १६वे शतक' अशी चिठ्ठी लावण्याची जी प्रथा अनेक संग्रहांत पडली, ती या दोन्ही कारणांनी सदोष ठरते.

खंजिराचा काळ ठरविताना चार प्रकारचा पुरावा उपलब्ध असतो : घाट, घडण, लेख व चिन्हे, आणि धातू. सर्वसाधारण समज असा की, यांपैकी लेख हा सर्वांत बोलका व म्हणून सर्वांत विश्वसनीय. स्पॅनिश खंजिरांचे परीक्षण केले असता नेमकी उलट गोष्ट प्रत्ययास येते. लेख हा शेवटी विचारात घ्यावयाचा पुरावा होय, आणि इतर तिघांनी दुजोरा दिल्यावाचून तो ग्राह्य धरता येत नाही. हे कसे, ते पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

संज्ञांविषयी

स्पॅनिश भाषेत खंजिराला अनेक नावे आहेत. तलवारीच्या जोडीने वागविला जाणारा, दुधारी व हातावर परज असलेला खंजीर म्हणजे 'दागा'. आखूड, टोकदार व भोसकण्यासाठीच केलेला तो 'पुन्याल'. 'कुचिल्यो' म्हणजे एकधारी सुरा, आणि 'नावाहा' म्हणजे मिटता चाकू. या भेदांच्या सीमा काटेकोर नाहीत, तथापि वर्णन करताना त्यांचा उपयोग होतो.

'स्पॅनिश' या विशेषणाचा अर्थही नीट ध्यानी घेतला पाहिजे. १६व्या शतकाच्या आरंभापासून १८व्या शतकाच्या आरंभापर्यंत नेपल्सचे राज्य स्पेनच्या राजाच्या अंमलाखाली होते, आणि मिलानही दीर्घकाळ त्याच सत्तेखाली होते. स्पॅनिश सरदारांची राहणी व त्यांची शस्त्रविद्या तेथे रुजली, आणि तिथल्या कारागिरांनी त्याच घाटाची शस्त्रे घडविली. म्हणून 'स्पॅनिश घाटाचा' आणि 'स्पेनमध्ये घडलेला' ही दोन विधाने वेगळी आहेत. पहिले विधान बहुधा करता येते. दुसऱ्यास स्वतंत्र पुरावा लागतो.

घाटाची साक्ष : तीन उदाहरणे

पहिले उदाहरण प्राचीन काळातील आहे. रोमन सत्ता स्थिर होण्यापूर्वी स्पेनच्या मध्यभागी राहणाऱ्या केल्टिबेरियन लोकांच्या दफनभूमींत एक विशिष्ट घाटाचा लोखंडी खंजीर सापडतो. त्याच्या मुठीच्या मध्यावर एक चपटी चकती व टोकाला दुसरी चकती असते, आणि पाते कमरेशी किंचित आवळलेले असते. रोमन सैनिकाच्या कमरेला जो 'पुगिओ' नावाचा खंजीर दिसतो, त्याच्या मुठीच्या मध्यावरील फुगवटा व म्यानाच्या कडांवरील कड्या यांचे मूळ या स्पॅनिश खंजिरात आहे, असे अभ्यासक मानतात. स्पेनमधील दीर्घ युद्धांत, ज्यांतील नुमान्सियाचा पाडाव इ. स. पू. १३३ मध्ये झाला, रोमनांचा या शस्त्राशी निकट संबंध आला. या वर्गातील खंजिरांचा काळ मुख्यतः उत्खननातील स्थानावरून, म्हणजे सोबत सापडलेली भांडी, कपड्यांचे आकडे व नाणी यांवरून ठरतो. स्थानाची नोंद न ठेवता उकरून काढलेला असा खंजीर केवळ घाटावरून एखाद्या शतकात बसविता येतो, त्याहून अधिक नेमकेपणा साधत नाही.

दुसरे उदाहरण 'दागा दे ओरेहास' म्हणजे कर्ण-खंजीर हे होय. याच्या मुठीच्या टोकाला दोन चकत्या कानांसारख्या बाहेर कललेल्या असतात, आणि खंजीर उलटा धरून मारताना अंगठा त्या दोहोंच्या खोबणीत बसतो. पात्याची शेपटी मुठीतून थेट कानांपर्यंत जाते व तिच्या दोन्ही अंगांना हस्तिदंताच्या, शिंगाच्या किंवा लाकडाच्या फाका खिळ्यांनी जडविलेल्या असतात. पात्याचा मुठीलगतचा बोथट भाग दोन्ही बाजूंना सारखा नसणे, हीही याची एक खूण. या घाटाची वाढ ग्रानादाच्या नासरी सुलतानांच्या राज्यात झाली. तेथील अखेरचा सुलतान बारावा मुहम्मद, म्हणजे स्पॅनिश इतिहासातील बोआब्दिल, १४८३ मध्ये लुसेना येथे पकडला गेला. त्या वेळी त्याच्याकडून मिळाली असे परंपरेने मानल्या गेलेल्या शस्त्रांत अशा खंजिराचा समावेश होतो, आणि ती शस्त्रे स्पेनच्या सैनिकी संग्रहालयात आहेत. १४९२ मध्ये ग्रानादा पडल्यावर हा घाट संपला नाही. उलट १६व्या शतकात इटलीतही तो आवडीने घडविला गेला. म्हणून केवळ कान दिसले एवढ्यावरून खंजीर ग्रानादाचा ठरत नाही. हस्तिदंतावरील कोरीव काम अरबी वळणाचे की इटालियन, पात्यावरील कोफ्तगरीत अरबी अक्षरे आहेत की वेलबुट्टी, हे पाहूनच पुढील निर्णय करावा लागतो.

तिसरे उदाहरण सर्वांत शिकविणारे आहे. ते म्हणजे डाव्या हाताचा खंजीर. उजव्या हातात लांब सरळ तलवार व डाव्या हातात वार अडविण्यासाठी खंजीर, ही युद्धरीत १६व्या शतकात युरोपभर पसरली. त्या काळचा खंजीर साधा असतो : आडवी दांडी, आणि बोटांच्या रक्षणासाठी तिच्या एका अंगाला बसविलेले एक कडे. ज्या खंजिराला सामान्यतः 'स्पॅनिश डाव्या हाताचा खंजीर' म्हणतात, तो याहून वेगळा. त्याची आडवी दांडी लांब व सरळ असते, आणि तिच्यापासून मुठीच्या टोकापर्यंत एक त्रिकोणी, बाहेरून फुगीर पत्रा जातो. शिडासारख्या दिसणाऱ्या या पत्र्यावरून त्याला 'दागा दे वेला' हे नाव मिळाले. 'वेला' म्हणजे शीड. पत्र्याची कड बाहेर वळविलेली असते, जेणेकरून प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीचे टोक घसरून हातावर न येता तिथेच अडकावे. पात्याचेही तीन भाग पडतात. मुठीलगतचा भाग रुंद, बोथट व अंगठा टेकण्यासाठी खोलगट असतो, मधला बहुधा एकधारी, आणि पुढचा अरुंद व दुधारी.

हा खंजीर अनेक जुन्या संग्रहांत १६व्या शतकातील म्हणून नोंदलेला आढळतो. ते शक्य नाही. त्रिकोणी पत्रा हा वाटीच्या आकाराची परज असलेल्या तलवारीचा सोबती आहे, कारण दोहोंवरील जाळीकाम, दांडीच्या टोकांच्या गाठी व मुठीचा गोळा एकाच नमुन्यात केलेले असतात. वाटीची परज १७व्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापूर्वी दिसत नाही. तेव्हा तिची जोडीदार त्यापूर्वीची असणे संभवत नाही. गैरसमजाचे कारण असे की, युरोपच्या इतर भागांत खंजीर-तलवारीची जोडी १७व्या शतकात मागे पडली, पण स्पेनमध्ये व स्पेनच्या इटालियन मुलखांत ती १८व्या शतकापर्यंत टिकून राहिली. जुनी रीत टिकली म्हणून शस्त्रही जुने असावे, असे अनुमान केले गेले. एकाच घाटाचे आयुष्य निरनिराळ्या देशांत निरनिराळे असते, हा कालनिश्चितीतील मूलभूत नियम या उदाहरणावरून ध्यानी येतो. पाश्चात्त्य अभ्यासकांनी तलवारीच्या मुठींचा क्रम लावताना तारीख असलेल्या व्यक्तिचित्रांचा जो आधार घेतला, त्याचे महत्त्वही यातच आहे. चित्रकाराने विशिष्ट वर्षी पाहिलेले शस्त्र हे त्या घाटाच्या अस्तित्वाचे निश्चित प्रमाण ठरते.

कायद्याची साक्ष

घाटाच्या इतिहासाला कधी कधी कायद्याची अनपेक्षित जोड मिळते. तिसऱ्या कार्लोस राजाने २६ एप्रिल १७६१ रोजी काढलेल्या फर्मानात बंदी घातलेल्या आखूड शस्त्रांची यादी दिली आहे. तीत पुन्याल आहे, तलवारीवाचून बाळगलेली एकटी दागा आहे, टोकदार सुरा आहे, आणि उघडल्यावर कमानीने किंवा कड्याने पक्का होणारा मिटता चाकूही आहे. बंदी नसलेल्या वस्तूवर होत नाही. म्हणून पक्का होणारा नावाहा १७६१ पूर्वीच सर्रास वापरात आला होता, हे या यादीवरून सिद्ध होते. नावाहा ही १९व्या शतकातील दरोडेखोरांची निर्मिती, असा जो समज प्रवासवर्णनांतून पसरला, तो त्यामुळे टिकत नाही. १८४९ मध्ये माद्रिद येथे चाकूच्या लढतीवरील 'मान्वाल देल बारातेरो' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. त्या वेळी हे शस्त्र लोकजीवनात किती मुरले होते, याची ती साक्ष देते. या धंद्याचे प्रमुख केंद्र आल्बासेते हे होते. पात्यावर आम्लाने उठविलेली नक्षी, पितळी जडाव आणि पुष्कळदा कारागिराचे नाव व साल ही तेथील सुऱ्यांची व खंजिरांची लक्षणे. आज तेथे या धंद्याला वाहिलेले नगरपालिकेचे संग्रहालय आहे.

लेख व चिन्हे : पुराव्याचा सर्वांत निसरडा भाग

तोलेदोच्या तलवारकारांची चिन्हे फ्रान्सिस्को दे सांतियागो पालोमारेस याने १७६२ मध्ये संकलित केली. त्या यादीत ९९ चिन्हे आहेत, आणि आजही तीच प्रथम पाहिली जाते. परंतु तिचा उपयोग करताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक, ती तलवारकारांची यादी आहे. खंजिराचे पाते तलवारकाराच्याच भट्टीत घडले असेल असे नाही. दुसरी, जी यादी अभ्यासकाच्या हाती आहे, ती नकली वस्तू करणाऱ्याच्याही हाती असू शकते. १९व्या शतकात ती छापील पुस्तकांतून पुन्हा पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून एखादे चिन्ह यादीशी तंतोतंत जुळणे हे खरेपणाचे लक्षण राहिले नाही.

नकलेची परंपरा त्याहूनही जुनी आहे. जर्मनीतील झोलिंगेन येथील कारागीर १६व्या व १७व्या शतकांत तोलेदोच्या नामवंत कारागिरांची नावे, विशेषतः तोमास दे आयाला याचे नाव, आपल्या पात्यांवर कोरीत. अक्षरे कोरणाऱ्याला स्पॅनिश येत नसल्यामुळे नावाचे लेखन निरनिराळ्या पात्यांवर निरनिराळे आढळते. ज्या पात्यावर नाव अशुद्ध आहे, त्याबद्दल शंका घ्यावी, पण शुद्ध आहे म्हणून निःशंक होऊ नये. हुलियान देल रेय या कारागिराच्या 'पेरीयो' म्हणजे कुत्र्याच्या पिलाच्या चिन्हाची अशीच गोष्ट आहे. सर्व्हांतेसच्या 'दोन किहोते'च्या दुसऱ्या भागातही या चिन्हाच्या तलवारींचा उल्लेख येतो, इतकी त्यांची प्रसिद्धी होती. पण पासाऊ व झोलिंगेन येथील 'धावता लांडगा' हे चिन्ह चार-पाच रेघांतच काढलेले असते, आणि झिजलेल्या पात्यावर कुत्रा कोणता व लांडगा कोणता, हे सांगणे कठीण जाते.

पात्यावरील आकडेही दिशाभूल करतात. लांडग्याच्या चिन्हाशेजारी १४१४ हा आकडा अनेक पात्यांवर आढळतो, आणि ती पाती एकमेकांपासून शतकांच्या अंतराने घडलेली आहेत. तो आकडा घडणीचे वर्ष नसून, पाते चांगले असल्याची किंवा शुभसूचक अशी खूण म्हणून कोरला जाई. याउलट, १७६१ मध्ये तिसऱ्या कार्लोसच्या आज्ञेने तोलेदो येथे जो सरकारी शस्त्रकारखाना स्थापन झाला, त्याचे नाव व वर्ष असलेला शिक्का बहुधा भरवशाचा असतो, कारण तो सरकारी हिशेबाचा भाग होता. या कारखान्याने १९व्या शतकात शिकारीचे सुरे व खंजीरही घडविले, आणि त्यांवरील साल सामान्यतः घडणीचेच असते. हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, व त्याच्या जागेत आता विद्यापीठाचे आवार आहे. म्हणजे आकडा कोणत्या व्यवस्थेतून पात्यावर आला, हे ठरल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही.

घडण व धातू

घडणीचे परीक्षण करताना पाते आणि मूठ यांचा जन्म एकाच वेळी झाला, असे गृहीत धरू नये. मोडलेल्या तलवारीचे पाते आखूड करून खंजीर बनविण्याची रीत सर्वत्र होती. अशा पात्यावरील पन्हळ टोकापूर्वी आपोआप निमुळती न होता मध्येच तुटते, किंवा टोकाची जाडी असावी त्याहून अधिक राहते. क्ष-किरणांनी मुठीच्या आतील शेपटी पाहिली असता ती मूळची की मागाहून जोडलेली, हे कळते. या बाबतीत मराठी वाचकास घरचे उदाहरण आहे. युरोपातून पोर्तुगीज व्यापारामार्गे आलेल्या पात्यांना येथील मुठी बसवून 'फिरंग' तयार होत असे. तंजावरच्या शस्त्रागारातून १९व्या शतकात बाहेर गेलेल्या अनेक कट्यारींतही युरोपीय तलवारींची पाती आहेत. त्यांवर स्पॅनिश नाव दिसले म्हणजे पाते स्पेनचे ठरत नाही, हा वर सांगितलेला नियम येथेही तितकाच लागू पडतो.

धातूच्या परीक्षणाने नवीनपणा उघडकीस येतो, जुनेपणा मात्र क्वचितच सिद्ध होतो. जुन्या भट्टीतील लोखंडात व पोलादात मळीचे बारीक कण राहतात, आणि कर्बाचे प्रमाण ठिकठिकाणी कमीजास्त असते. १८५६ मध्ये बेसेमरची पद्धत निघाल्यानंतरचे वितळवून ओतलेले पोलाद एकजिनसी असते. तसे पोलाद १७व्या शतकाच्या म्हणविलेल्या खंजिरात निघाले, तर पुढील चर्चेचे कारण उरत नाही. पितळेचेही तसेच. तांबे व जस्ताचे खनिज एकत्र तापवून केलेल्या जुन्या पितळेत जस्ताचे प्रमाण ३० ते ३३ टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. शुद्ध जस्त थेट मिसळण्याची रीत युरोपात १८व्या शतकाच्या अखेरीपासून रूढ झाली, तेव्हापासून ही मर्यादा ओलांडली गेली. विजेच्या साहाय्याने दिलेला सोन्याचांदीचा मुलामा १८४० नंतरचाच, आणि यंत्रावर कापलेला सारख्या आट्यांचा स्क्रू सुमारे १८०० नंतरचा. मात्र स्क्रू व मुलामा हे दुरुस्तीत मागाहूनही आलेले असू शकतात. त्यावरून संपूर्ण वस्तू नवी ठरविणे घाईचे होईल.

१९व्या शतकातील पुनर्निर्मिती

नवे ते सर्व नकली, असेही म्हणता येत नाही. एउसेबियो सुलोआगा (१८०८-१८९८) व त्याचा पुत्र प्लासिदो (१८३४-१९१०) यांनी एइबार येथे पोलादावरील सोन्याच्या कोफ्तगरीची कला पुन्हा वैभवास नेली. त्यांची कामे आपल्या काळाची म्हणूनच घडली व विकली गेली, आणि आज ती त्यांच्याच नावाने मोलाची मानली जातात. अडचण उत्पन्न झाली ती त्या अभिरुचीच्या आधारे जुन्या घाटाच्या वस्तू घडवून त्या जुन्या म्हणून विकणाऱ्यांमुळे. अशा खंजिरांत काही खुणा वारंवार दिसतात. झीज असते, पण ती हात लागण्याच्या जागी नसून दर्शनी भागी असते. गंजाचे खड्डे आम्लाने पाडलेले असल्यामुळे ते सर्वत्र एकाच खोलीचे असतात. परजेच्या आतील बाजूस, जेथे जुना कारागीर कानशीच्या खुणा तशाच सोडी, तेथेही बाहेरच्याइतकीच सफाई असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, असा खंजीर हातात नीट बसत नाही, कारण तो भिंतीवर टांगण्यासाठी केलेला असतो.

निष्कर्ष

खरेपणाबद्दल वाद नसलेल्या वस्तूंशी तुलना हा या सर्व परीक्षणाचा पाया आहे. माद्रिद येथील राजघराण्याच्या शस्त्रागाराचे महत्त्व त्यामुळेच. पाचव्या चार्ल्स बादशहाच्या शस्त्रांची चित्रमय यादी १६व्या शतकातच तयार झाली होती. १८८४ च्या आगीत या शस्त्रागाराची हानी झाली, तरी १८९८ मध्ये वालेन्सिया दे दोन हुआनच्या उमरावाने त्याची सविस्तर सूची प्रसिद्ध केली. ज्या वस्तूची नोंद अशी अखंड आहे, तिच्यावरून इतरांची परीक्षा करता येते.

यास्तव परीक्षणाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम घाट पाहून तो कोणत्या काळापूर्वी असणे अशक्य, हे ठरवावे. नंतर पाते व मूठ एकमेकांची आहेत काय, हे पाहावे. मग धातू, जोड व झीज यांची तपासणी करावी. अखेर लेख वाचावा, आणि तो आधीच्या निष्कर्षांशी जुळतो का ते पाहावे. क्रम उलटा केला, तर डोळे लेखातील नाव सिद्ध करणाऱ्या गोष्टीच शोधू लागतात. सूचीतील नोंदही पुराव्याइतकीच बोलावी. 'स्पॅनिश घाटाचा, स्पेन किंवा नेपल्स, सुमारे १६५०-१७००, पात्यावर तोलेदोचे नाव' ही नोंद 'तोलेदो, १६वे शतक' या नोंदीपेक्षा कमी आकर्षक आहे, पण पुढील अभ्यासकास ती फसविणार नाही.

अखेर एक व्यावहारिक गोष्ट. वर सांगितलेला बहुतेक पुरावा वस्तूच्या पृष्ठभागावर असतो. कानशीच्या खुणा, मुलाम्याचे अवशेष, म्यानाच्या चामड्याचे कण, मुठीच्या तारेखालील जुना मळ, हे सर्व एका दुपारच्या घासपुशीत नाहीसे होते, आणि ते पुन्हा मिळविता येत नाही. खंजीर लखलखीत करून मांडण्याच्या हौसेपायी त्याचा काळ ठरविण्याचे साधनच नष्ट होते. म्हणून संग्रहालयात दाखल झालेल्या खंजिराचे प्रथम छायाचित्र व टिपण करावे, आणि स्वच्छतेचा विचार परीक्षण पूर्ण झाल्यावरच करावा.